लेग स्टंपबाहेरचा पट्टा: १९९८च्या चेन्नई कसोटीआधीच्या सरावाचा अभ्यास

सरावाची थोरवी सांगणारी उदाहरणे क्रिकेटमध्ये उदंड आहेत, परंतु त्यांतील बहुतेक उदाहरणांत खेळाडूने किती तास घाम गाळला याचाच हिशेब असतो आणि त्या तासांत त्याने नेमके काय केले, ते का केले आणि त्याचा पुढे कोठे उपयोग झाला, हे प्रश्न बाजूला राहतात. मार्च १९९८ मध्ये चेन्नईत झालेल्या भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीपूर्वी सचिन तेंडुलकरने केलेली तयारी या दृष्टीने वेगळी ठरते. येथे अडचण कोणती हे आधी ठरवले गेले होते, तिच्यासाठी सरावाची मांडणी मुद्दाम केली गेली होती, आणि काही दिवसांतच तीच अडचण प्रत्यक्ष सामन्यात समोर उभी राहिली. त्यामुळे तयारी आणि परिणाम यांचा संबंध, अनेक मर्यादा मान्य करूनही, बराचसा तपासता येतो.

प्रश्न काय होता

मार्क टेलरच्या नेतृत्वाखाली आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या संघाने १९६९-७० नंतर भारतात कसोटी मालिका जिंकलेली नव्हती. ग्लेन मॅकग्रा आणि जेसन गिलेस्पी हे दोन्ही वेगवान गोलंदाज दुखापतींमुळे दौऱ्यावर नव्हते, त्यामुळे गोलंदाजीचा सारा भार शेन वॉर्नवर होता. वॉर्नने त्याच वर्षी जानेवारीत सिडनीत दक्षिण आफ्रिकेच्या जॅक कॅलिसला बाद करून ३०० कसोटी बळी पूर्ण केले होते. १९९३ मध्ये मँचेस्टरला माइक गॅटिंगला चकवणारा चेंडू टाकल्यापासून तो जगातील सर्वांत धोकादायक फिरकी गोलंदाज मानला जात होता. भारताविरुद्धचा त्याचा अनुभव मात्र फारसा सुखाचा नव्हता. १९९२ च्या जानेवारीत सिडनीला त्याने कसोटी पदार्पण केले, तेव्हा रवी शास्त्रीच्या द्विशतकाने आणि अठरा वर्षांच्या तेंडुलकरच्या नाबाद १४८ धावांनी त्याची गोलंदाजी १५० धावांत १ बळी अशी झाली होती. पण १९९२ चा वॉर्न आणि १९९८ चा वॉर्न हे दोन वेगळे गोलंदाज होते, आणि हे तेंडुलकरइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

लेगस्पिन खेळता येणे हा तेंडुलकरपुढचा प्रश्न नव्हताच. प्रश्न एका विशिष्ट कोनाचा होता. उजव्या हाताचे वेगवान गोलंदाज ओव्हर द विकेट, म्हणजे चेंडू टाकणारा हात यष्टीच्या जवळ राहील अशा बाजूने, चेंडू टाकून पुढे धावत जातात, तेव्हा त्यांच्या बुटांच्या खिळ्यांनी खेळपट्टीचा एक भाग उकरला जातो, आणि त्या टोकाला उभ्या राहणाऱ्या उजव्या फलंदाजासाठी तो भाग लेग स्टंपच्या, म्हणजे त्याच्या पायांकडच्या यष्टीच्या, बाहेर येतो. सामना पुढे सरकतो तसा हा पट्टा अधिकाधिक खडबडीत होत जातो. लेगस्पिनर राउंड द विकेट, म्हणजे यष्टीच्या दुसऱ्या बाजूने, आला आणि त्याने या पट्ट्यात टप्पा टाकला, की चेंडू किती वळेल, किती उसळेल किंवा खाली राहील, याचा अंदाज बांधणे अवघड होते.

लेग स्टंपबाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर फलंदाजाला पायचीत देता येत नाही, म्हणून पॅड पुढे करून चेंडू अडवणे हा पुस्तकी आणि सुरक्षित उपाय. तो सुरक्षित आहे, पण त्याची किंमत आहे. धावा थांबतात, क्षेत्ररक्षक जवळ येतात, आणि अडवता अडवता एखादा चेंडू पायामागून वळून यष्टी उडवतो किंवा ग्लोव्हला लागून शॉर्ट लेगकडे जातो. स्वीप मारावा तर अनियमित उसळीमुळे बॅटची वरची कड लागण्याची भीती. चेंडू लेगकडून ऑफकडे वळत असल्याने तो लेग बाजूच्या मिडविकेटकडे भिरकावणे म्हणजे वळणाविरुद्ध खेळणे, आणि मुंबईच्या खडूस क्रिकेटच्या परंपरेत वळणाविरुद्ध उचलून मारलेला फटका हा बेजबाबदारपणाचा पुरावा समजला जाई. थोडक्यात, वॉर्नने हा मार्ग धरला तर फलंदाजाकडे शिकलेल्या पद्धतीत एकही उत्तर असे नव्हते, जे विकेटही राखील आणि डावही पुढे नेईल.

सरावाची मांडणी

तेंडुलकरने चेन्नईत लक्ष्मण शिवरामकृष्णन याची मदत घेतली. शिवरामकृष्णन हा एके काळचा भारताचा लेगस्पिनर. १९८४ मध्ये मुंबईत इंग्लंडविरुद्ध त्याने दोन्ही डावांत सहा-सहा बळी घेतले होते, पण त्याची कसोटी कारकीर्द अवघ्या ९ सामन्यांत आटोपली. सरावासाठी लेग स्टंपबाहेरचा खेळपट्टीचा भाग मुद्दाम उकरून घेण्यात आला, आणि शिवरामकृष्णनने राउंड द विकेट येऊन त्याच भागात पुन्हा पुन्हा टप्पा टाकायचा, असे ठरले. मुंबईतही फिरकी गोलंदाजांना घेऊन तेंडुलकरने याच पद्धतीने तयारी केली.

एवढेच सांगून पुढे जाण्याचा मोह होतो, परंतु या मांडणीत एरवीच्या सरावापेक्षा काय निराळे होते ते पाहिल्याशिवाय प्रकरणाचा गाभा हाती लागत नाही. नेट्समधला नेहमीचा सराव हा मुळात मिश्र असतो: एक वेगवान, एक मध्यमगती, एक ऑफस्पिनर, एक डावखुरा असे गोलंदाज पाळीपाळीने येतात आणि फलंदाज प्रत्येक चेंडूला वेगळे उत्तर देतो. अंगात ऊब येण्यासाठी आणि नजर बसण्यासाठी हे उत्तम आहे, पण एकच अडचण सलग पन्नास वेळा समोर येईल, अशी सोय त्यात नसते. शिवाय नेट्सची खेळपट्टी साधारणपणे सारखी राखलेली असते. चौथ्या दिवसाच्या खेळपट्टीवरचा उकरलेला पट्टा तेथे आपोआप मिळत नाही, तो तयार करावा लागतो. आणि सर्वांत फसवी बाब म्हणजे नेट्समध्ये उंच मारलेला फटका जाळीत अडकतो. तो सीमेपलीकडे गेला असता की मिडविकेटच्या हातात विसावला असता, याचा निवाडा फलंदाज स्वतःच्या मनाप्रमाणे आणि बहुधा स्वतःच्या बाजूने करतो.

तेंडुलकरच्या सरावाने यांतील पहिल्या दोन उणिवा थेट दूर केल्या. अडचण एकच ठेवली आणि जमीन सामन्यासारखी केली. तिसऱ्या उणिवेचा उपाय कोणत्याही सरावात नसतो. त्यासाठी सामनाच खेळावा लागतो.

पुनरावृत्तीतून साधायचे होते ते फटक्याचे सौंदर्य नव्हे, तर निर्णयाचा वेग. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हातातून सुटल्यापासून फलंदाजापर्यंत पोहोचायला सुमारे पाऊण सेकंद लागतो, आणि टप्पा पडल्यानंतर वळण ओळखण्यासाठी उरणारा वेळ त्याहूनही पुष्कळ कमी असतो. एवढ्या अवधीत अडवावे, सोडावे, पुढे जावे की मागे राहावे, याचा विचार कोणीही नव्याने करू शकत नाही. आधी केलेला विचारच तेथे कामाला येतो. अडचणीच्या चेंडूला आक्रमक उत्तर द्यायचे, हे तेंडुलकरने सामन्याबाहेर, शांतपणे ठरवले होते, आणि सरावात त्या निर्णयाला हातापायांची सवय लावली होती.

या सवयीचे मूळ

ही पद्धत १९९८ मध्ये अकस्मात सुचली असे मानणे बरोबर होणार नाही. शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखाली तो घडला, तेथे नेट्सपेक्षा प्रत्यक्ष सामन्यांवर भर असे. एका उन्हाळी सुट्टीत ६० दिवसांत ५५ सराव सामने खेळल्याचे तेंडुलकरने स्वतः सांगितले आहे. दिवसाच्या अखेरच्या सत्रात सर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत, दमलेल्या मुलाभोवती सारी मुले क्षेत्ररक्षणाला उभी करत, आणि त्याला जो बाद करील त्याला ते नाणे मिळे. कोणीच बाद करू शकले नाही तर नाणे फलंदाजाचे. तेंडुलकरने अशी १३ नाणी जपून ठेवली आहेत. या प्रथेची हकिगत हळव्या सुरात सांगितली जाते, पण तिच्यामागे सरावाचे पक्के गणित होते. थकलेल्या अवस्थेत, चुकीला किंमत असताना, सभोवती झेल घ्यायला टपलेले हात असताना फलंदाजी करणे, हे सामन्यातल्या दडपणाचे जाणूनबुजून घडवलेले रूप होते. चेन्नईत पट्टा उकरून घेण्यामागे तोच विचार दिसतो.

पहिली चाचणी आणि तिचे वाचन

कसोटी मालिकेपूर्वी, २४ ते २६ फेब्रुवारीला ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबई आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात सामना झाला. तेंडुलकरने नाबाद २०४ धावा केल्या, वॉर्नला १६ षटकांत १११ धावा देऊन एकही बळी मिळाला नाही, आणि मुंबईने सामना १० गडी राखून जिंकला. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने वॉर्नचा प्रश्न तेथेच निकालात निघाला होता.

माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग येथे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. द्विशतकानंतर तेंडुलकरने काढलेला निष्कर्ष निराळा होता: वॉर्नने राउंड द विकेट येऊन त्या पट्ट्याचा वापर केलेलाच नाही, तो आपले शस्त्र राखून ठेवतो आहे, आणि खरा प्रश्न अजून विचारलाच गेलेला नाही. म्हणजे २०४ धावांची खेळी त्याने उत्तीर्ण झाल्याचा दाखला म्हणून वाचली नाही. ज्या अडचणीसाठी आपण तयारी करतो आहोत, तिची परीक्षा या सामन्यात झाली का, एवढेच त्याने पाहिले आणि झालेली नाही असे ठरवून सराव चालू ठेवला. यश मिळाल्यानंतर त्यातले काय आपल्या प्रश्नाशी संबंधित आहे आणि काय नाही, हे वेगळे काढणे अपयशाच्या चिकित्सेपेक्षा कितीतरी कठीण असते, कारण अपयश निदान विचार करायला भाग तरी पाडते.

चेन्नई, ६ ते १० मार्च

पहिल्या डावात भारताने २५७ धावा केल्या आणि त्यांत तेंडुलकरचा वाटा ४ धावांचा होता. वॉर्नला एक चौकार मारून, पाचव्याच चेंडूवर पुढे सरसावून मारताना त्याचा झेल स्लिपमध्ये टेलरच्या हाती गेला. वॉर्नने डावात ८५ धावांत ४ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाने इयान हिलीच्या ९० आणि पदार्पण करणाऱ्या गॅविन रॉबर्टसनच्या ५७ धावांच्या आधारे ३२८ पर्यंत मजल मारून ७१ धावांची आघाडी मिळवली.

इतक्या तयारीनंतर पाच चेंडूंत बाद होणाऱ्या फलंदाजाने तयारीवरचा विश्वास गमावला असता तर ते स्वाभाविक ठरले असते. पण बाद होण्याची तऱ्हा नीट पाहिली तर तिचा त्या पट्ट्याशी संबंध नव्हता. सामना नुकता सुरू झालेला, पट्टा पुरता उकरला गेलेला नाही, आणि नजर बसण्याआधीच घाईने पुढे जाऊन खेळलेला फटका. चुकला होता तो आक्रमणाचा मुहूर्त. त्या चुकीवरून मूळ योजना रद्द करणे हे चुकीच्या आजारावर औषध देण्यासारखे झाले असते.

दुसऱ्या डावात नवज्योतसिंग सिद्धू ६४ धावांवर बाद झाला तेव्हा धावफलक २ बाद ११५ होता, म्हणजे भारताकडे प्रत्यक्षात केवळ ४४ धावांची आघाडी होती. सामन्याचा चौथा दिवस, खेळपट्टी झिजलेली, आणि वॉर्नला हवे ते सगळे हाताशी. तो राउंड द विकेट आला आणि त्याने लेग स्टंपबाहेरच्या पट्ट्यात टप्पा टाकायला सुरुवात केली. तेंडुलकरने त्याला मिडविकेटवरून उचलून मारले, आणि पुन्हा पुन्हा मारले. वळणाविरुद्ध खेळलेला हा फटका प्रेक्षकांना धाडसी वाटला असेल. फलंदाजाच्या दृष्टीने तो त्या चेंडूवरचा ठरलेला फटका होता. पट्टा हे वॉर्नचे शस्त्र होते तोवर तो धावा रोखून वाट पाहू शकत होता. त्याच पट्ट्यातून षटकार जाऊ लागल्यावर त्याला टप्पा बदलावा लागला, क्षेत्ररक्षक मागे न्यावे लागले, आणि दुसऱ्या टोकाला राहुल द्रविड व नंतर मोहम्मद अझरुद्दीन यांना मोकळा श्वास मिळाला.

तेंडुलकरने १९१ चेंडूंत १४ चौकार आणि ४ षटकारांसह नाबाद १५५ धावा केल्या. अझरुद्दीनने ४ बाद ४१८ वर डाव घोषित केला. दुसऱ्या डावात वॉर्नला ३० षटकांत १२२ धावा देऊन एकच बळी मिळाला. ३४८ धावांच्या लक्ष्यापुढे ऑस्ट्रेलियाचा संघ १६८ धावांत गारद झाला आणि भारताने १७९ धावांनी सामना जिंकला.

पुढच्या कोलकाता कसोटीत भारताने ५ बाद ६३३ धावा केल्या, वॉर्नला १४७ धावा देऊनही बळी मिळाला नाही, आणि भारत एक डाव व २१९ धावांनी जिंकला. बेंगळुरूत तेंडुलकरने १७७ धावा काढल्या, तरी तो सामना ऑस्ट्रेलियाने ८ गडी राखून जिंकला. मालिकेत तेंडुलकरच्या ४४६ धावा १११.५० च्या सरासरीने झाल्या. वॉर्नचे १० बळी प्रत्येकी ५४ धावांना पडले.

श्रेय किती सरावाचे

हे आकडे पाहून सारे श्रेय शिवरामकृष्णनबरोबरच्या सरावाला देणे सोपे आहे, परंतु ते पुराव्याला धरून होणार नाही. पहिली गोष्ट, दुसऱ्या टोकाने दडपण आणणारा मॅकग्रा संघात नव्हता. दुसरी, वॉर्नचा खांदा ठीक नव्हता आणि त्याच वर्षी मे महिन्यात त्यावर शस्त्रक्रिया झाली. तिसरी आणि मला सर्वांत वजनदार वाटणारी गोष्ट अशी, की वॉर्नला फक्त तेंडुलकरनेच झोडपले नाही. सिद्धूने चेन्नईच्या दोन्ही डावांत अर्धशतके आणि कोलकात्यात ९७ धावा केल्या, त्याही फिरकी गोलंदाजाला पुढे सरसावून मारण्याच्या आपल्या जुन्या सवयीने. १९९८ नंतरही भारतात वॉर्नची डाळ फारशी शिजली नाही. एकूण ७०८ कसोटी बळी सुमारे २५ च्या सरासरीने घेणाऱ्या या गोलंदाजाचे भारतातील ९ कसोटींतले ३४ बळी ४३ च्या सरासरीने आले आहेत. लहानपणापासून फिरकीवर वाढलेल्या फलंदाजांविरुद्ध त्याला सोपे दिवस मिळणारच नव्हते.

हे सगळे वजा केल्यावर सरावाच्या वाट्याला जे उरते ते लहान आहे, पण नेमके आहे. त्या सरावाने तेंडुलकरला लेगस्पिन शिकवली नाही. एका सामन्यातल्या एका टप्प्यावर, एका ठरावीक कोनातून येणाऱ्या चेंडूपुढे त्याला थबकू दिले नाही. आघाडी ४४ धावांची असताना तो पॅड पुढे करत तासभर उभा राहिला असता, तर कदाचित बाद झाला नसता, पण सामन्याची दिशा वॉर्नने ठरवली असती. त्या दिवशी मिळालेल्या वेगामुळेच भारताला ऑस्ट्रेलियाला बाद करण्याइतका वेळ उरला. अनिल कुंबळेने मालिकेत २३ बळी घेतले, हे या हिशेबात विसरता येत नाही. धावांनी वेळ मिळवून दिला आणि त्याने तो वापरला.

शिवरामकृष्णनच्या वाट्याचे श्रेय मात्र धावफलकावर कोठेच दिसत नाही. असा सराव एकट्याने होत नाही. त्यासाठी अडचण हुबेहूब उभी करू शकणारा माणूस लागतो, आणि ज्याची स्वतःची कारकीर्द लवकर संपली आहे, अशा गोलंदाजाने दुसऱ्याच्या तयारीसाठी एकाच जागी टप्पा टाकत राहणे ही सामान्य गोष्ट नाही. संघाबाहेरच्या जाणत्या माणसाकडे जाऊन मदत मागण्याची तयारी, त्या वेळी जगातला अव्वल मानला जाणारा फलंदाज दाखवतो, हेही नोंदवले पाहिजे.

या प्रकरणावरून प्रत्येक अडचणीचे उत्तर नेट्समध्ये सापडते असा नियम मात्र काढता येत नाही, आणि त्याचा पुरावा खुद्द तेंडुलकरच्याच कारकिर्दीत आहे. २००३-०४ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात पहिल्या तीन कसोटींत त्याच्या धावा ०, १, ३७, ० आणि ४४ अशा होत्या. त्या वेळी मोठा भाऊ अजित याने दोष तंत्रात नसून फटक्यांच्या निवडीत आहे असे निदान केले. म्हणजे पट्टा उकरून, गोलंदाज उभा करून सुटेल असा हा प्रश्न नव्हता. येत असलेला फटका न खेळण्याचा तो प्रश्न होता. ऑफ स्टंपबाहेरच्या चेंडूंवर आपण बाद होतो आहोत हे लक्षात घेऊन त्याने सिडनीच्या चौथ्या कसोटीत कव्हर ड्राइव्ह बाजूला ठेवला, ४३६ चेंडू खेळून काढले, आणि नाबाद २४१ धावांतील बहुसंख्य धावा लेग साइडला केल्या.